चिप पॅकेजिंगची वापरलेली लाइन छत्रपती संभाजीनगरजवळच्या शेंद्र्यात आणताना: पात्रता, ड्यूटी, कागदपत्रं

चिप कंपन्या देश बदलतात तेव्हा आधी हलतं ते पॅकेजिंग (तयार चिप आवरणात बसवणं) आणि टेस्टिंग. वेफरचा अख्खा फॅब, म्हणजे सिलिकॉनच्या चकतीवर चिप घडवणारा कारखाना, उचलून नेणं फार अवघड. डाय बाँडर (चिप पायावर चिकटवणारं यंत्र), वायर बाँडर (तिला बारीक तारा जोडणारं), टेस्टर मात्र सोडवून क्रेटमध्ये भरता येतात. निमित्त कधी २०१८ पासूनचं अमेरिका-चीन आयातशुल्क, कधी २०११ च्या थायलंडसारखा पूर, कधी नव्या देशाचं अनुदान. केंद्राच्या सेमिकॉन इंडिया योजनेत २०२२ च्या बदलानंतर पॅकेजिंग युनिटला भांडवली खर्चाच्या ५० टक्के मदत ठरली होती, पण जुनी मशिनरी अशा मदतीत धरली जाईल असं गृहीत धरू नका. सौद्याआधी लेखी विचारा.

आयातदाराकडे पॅन, जीएसटी नोंदणी आणि आयईसी (आयात-निर्यातीसाठीचा सरकारी नंबर) हवा. आयईसी डीजीएफटीच्या (परकीय व्यापार महासंचालनालय) साइटवर ५०० रुपयांत निघतो. काही बदल नसला तरी दरवर्षी एप्रिल ते जूनमध्ये तो अपडेट करावा लागतो. हे राहून गेलं की नंबर बंद पडतो आणि कंटेनर न्हावाशेव्याला अडकतो.

वापरलेल्या भांडवली यंत्रांना सहसा परवाना लागत नाही. वापरलेल्या डेस्कटॉप, लॅपटॉप, एसी आणि डीजी सेटला (डिझेल जनरेटर) लागतो. म्हणून टेस्टरसोबत ‘असू द्या’ म्हणून चार सुटे कॉम्प्युटर भरू नका. रिफर्बिश केलेल्या सुट्या भागांचं किमान ८० टक्के आयुष्य शिल्लक असल्याचं चार्टर्ड इंजिनिअरचं प्रमाणपत्र लागतं.

यंत्रांसाठीही चार्टर्ड इंजिनिअरचा तपासणी अहवाल हवाच. त्यात उत्पादनाचं वर्ष, नवीन असतानाची किंमत, आजची स्थिती, दुरुस्तीचा खर्च आणि उरलेलं आयुष्य हवं. यंत्र जागेवर चालू असतानाच तपासणी करून घ्या. किंमत संशयास्पद वाटली की कस्टम्स ती नव्याने ठरवतं आणि रोजचं डिटेन्शन (कंटेनर अडकून राहिल्याचं भाडं) तुमच्या माथी बसतं. सोबत इनव्हॉइस, सीरियल नंबरसह पॅकिंग लिस्ट, बिल ऑफ लेडिंग (जहाज कंपनीची माल घेतल्याची पावती), आणि जुन्या कारखान्याचं रसायनं साफ केल्याचं पत्र ठेवा. लाकडी क्रेटवर आयएसपीएम-१५ चा (लाकडातली कीड मारल्याचा आंतरराष्ट्रीय) शिक्का नसेल तर माल बंदरातच अडतो.

एचएस कोड (कस्टम्सचा मालाच्या वर्गाचा नंबर) ८४८६ मधल्या यंत्रांना आणि ९०३०८२ मधल्या टेस्टरना मूळ ड्यूटी शून्य आहे, आयजीएसटी (आयातीवरचा जीएसटी) १८ टक्के. त्याचं क्रेडिट पुढे मिळतं, पैसे मात्र आधी भरावे लागतात. चिलर, व्हॅक्यूम पंप वेगळे आले तर त्यांचा एचएस कोड वेगळा, ड्यूटीही वेगळी. एकाच ओळीत ‘लाइन’ असं लिहाल तर कस्टम्सची क्वेरी ठरलेली. ईपीसीजी (निर्यातीच्या अटीवर यंत्रांची ड्यूटी माफ करणारी योजना) सवलत जुन्या यंत्रांना मिळतच नाही.

बंदरातून पुढे एअर सस्पेन्शनची गाडी घ्या आणि क्रेटवर शॉक इंडिकेटर (धक्का बसल्याची खूण दाखवणारा स्टिकर) लावा. नेमप्लेट आधी पाहा: तैवानची यंत्रं ६० हर्ट्झची, आपली वीज ५० ची. ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज बदलतो, फ्रिक्वेन्सी नाही. फ्रिक्वेन्सी कन्व्हर्टरचा खर्च सौद्यातच धरा.