मोठी लढत आणि महत्त्वाची लढत: ब्रिटिश बॉक्सिंगचे दोन वेगळे हिशेब

22 मे 2021 रोजी लास वेगासमध्ये स्कॉटलंडच्या जॉश टेलरने होसे रामिरेझला दोनदा खाली पाडले, गुणांवर हरवले आणि सुपर लाइटवेट वजनगटाचे चारही जागतिक पट्टे, म्हणजे किताब, एकट्याच्या नावावर केले. चार पट्ट्यांच्या जमान्यात असा निर्विवाद जगज्जेता होणारा तो पहिला ब्रिटिश बॉक्सर होता. पण ब्रिटनमध्ये तेव्हा पहाट उजाडत होती आणि देश झोपेत होता. त्यानंतर चार वर्षांनी, 26 एप्रिल 2025 रोजी, लंडनमधल्या टॉटनहॅमच्या फुटबॉल मैदानावर क्रिस युबँक ज्युनियर आणि कॉनर बेन यांची लढत पाहायला साठ हजारांहून जास्त लोक जमले. त्या रात्री एकही जागतिक किताब पणाला लागलेला नव्हता. टेलरची लढत महत्त्वाची होती आणि युबँक-बेन लढत मोठी होती. जाहिरातींत ही दोन्ही विशेषणे सरसकट एकमेकांच्या जागी वापरली जात असल्याने दुरून पाहणाऱ्याचा गोंधळ उडतो. ब्रिटिश प्रेक्षकाचा मात्र सहसा उडत नाही.

महत्त्वाच्या लढतीमागची यंत्रणा बरीचशी कागदी आहे. डब्ल्यूबीए, डब्ल्यूबीसी, आयबीएफ आणि डब्ल्यूबीओ या चार संघटना प्रत्येक वजनगटात आपापली क्रमवारी लावतात, त्यातून अधिकृत आव्हानवीर ठरवतात आणि ठरावीक काळात त्याच्याशी लढण्याचे बंधन जगज्जेत्यावर घालतात. दोन्ही बाजूंचे मानधनावर जमले नाही, तर लढत भरवण्याच्या हक्कासाठी बंद लिफाफ्यांतून बोली मागवल्या जातात आणि सर्वांत मोठी बोली लावणाऱ्या प्रमोटरला लढत मिळते. या व्यवहारात लोकांना ती जोड पाहायची आहे की नाही, हे कुणी विचारत नाही. खाली देशांतर्गत पातळीवर 1909 पासून चालत आलेला ब्रिटिश विजेत्याचा लॉन्सडेल पट्टा आहे, आणि तो कुणाला द्यायचा हे आज ब्रिटिश बॉक्सिंग बोर्ड पाहते. माझ्या मते चार जागतिक संघटनांच्या पट्ट्यांपेक्षा हा पट्टा अधिक प्रामाणिक आहे, कारण तो देशातल्या दोन खरोखर चांगल्या बॉक्सरांना समोरासमोर आणतो. तरीही त्याच्यासाठीच्या बहुतेक लढती वर्तमानपत्राच्या कोपऱ्यातच राहतात.

मोठ्या लढतीचे मूळ वेगळ्याच ठिकाणी, म्हणजे पूर्व लंडनमधल्या यॉर्क हॉलसारख्या लहान सभागृहांत सापडते. तिथे नवा बॉक्सर आपली तिकिटे स्वतः विकतो. जिममधले सोबती, नात्यागोत्यातले लोक, पबमधली ओळखीची मंडळी यांच्याकडून पैसे गोळा करतो आणि त्या विक्रीतूनच प्रतिस्पर्ध्याचे मानधन व स्वतःची कमाई निघते. समोरच्या कोपऱ्यात बहुधा हरण्याच्याच तयारीने आलेला, तरी अंग राखून आणि नीट लढणारा अनुभवी पाहुणा असतो. बर्मिंगहॅमचा पीटर बकली अशा 300 लढती लढला आणि त्यांपैकी 256 हरला. 2008 मध्ये शेवटची लढत जिंकून तो निवृत्त झाला. अशा माणसांशिवाय हा धंदा एक आठवडाही चालणार नाही. या व्यवस्थेत प्रमोटर नव्या पोराबद्दल पहिला प्रश्न विचारतो तो त्याची तिकिटे किती जातात हा, आणि डाव्या हाताचा ठोसा कसा आहे हा प्रश्न त्यानंतर येतो. पुढे तोच पोरगा लंडनमधल्या वेम्ब्लीच्या भव्य मैदानावर पोहोचला, तरी हिशेबाची ही पद्धत बदलत नाही, फक्त आकडे वाढतात.

म्हणून ब्रिटनमध्ये बॉक्सरामागे लोक फुटबॉल संघामागे जावेत तसे जातात. मँचेस्टरच्या रिकी हॅटनने जून 2005 मध्ये कोस्त्या झ्यूला हरवले ती लढत अमेरिकी टीव्हीच्या सोयीसाठी रात्री दोन वाजता ठेवली होती, तरी सभागृह खच्चून भरले होते. डिसेंबर 2007 मध्ये तो लास वेगासला अमेरिकेच्या फ्लॉइड मेवेदरकडून हरला, तेव्हाही हजारो माणसे त्याच्यामागे समुद्र ओलांडून गेली होती. आणि त्या पराभवानंतर अवघ्या काही महिन्यांत, जगज्जेता नसलेल्या हुआन लॅझकानोविरुद्ध, मँचेस्टर सिटीच्या मैदानावर पन्नास हजारांवर लोक आले. उलट 1993 मध्ये कार्डिफला लेनक्स लुईस आणि फ्रँक ब्रुनो भिडले, तेव्हा जगज्जेता लुईस होता, पण लोकांचा जीव ब्रुनोवर होता. लुईस लंडनमध्ये जन्मला असला, तरी कॅनडात वाढला होता आणि ऑलिंपिक सुवर्णही त्याने कॅनडासाठीच जिंकले होते. सातव्या फेरीत लुईस जिंकला. त्या विजयाने लोकांच्या प्रेमाची वाटणी फारशी बदलली नाही.

या दोन प्रकारांतला फरक सर्वांत स्पष्ट दिसतो तो टेलरच्याच पुढच्या प्रवासात. टेलर-रामिरेझ लढत व्हावी म्हणून डब्ल्यूबीओचा अधिकृत आव्हानवीर जॅक कॅटरॉल बाजूला थांबला होता. 26 फेब्रुवारी 2022 रोजी ग्लासगोमध्ये त्याला संधी मिळाली. चारही पट्टे पणाला होते, म्हणजे कागदावर यापेक्षा महत्त्वाची लढत शक्य नव्हती. पण बाहेरच्यांना ती टेलरने वाटेत उरकायची औपचारिकता वाटत होती. प्रत्यक्षात आठव्या फेरीत कॅटरॉलने टेलरला खाली पाडले, बहुतेक पाहणाऱ्यांच्या मते लढतही जिंकली, आणि तीन पंचांपैकी दोघांनी कौल टेलरला दिला. इतका गहजब झाला की बोर्डाला चौकशी करून एका पंचाची श्रेणी खाली आणावी लागली. मग पट्टे एकेक करून टेलरच्या हातून गेले. काही त्याने सोडले, शेवटचा 2023 मध्ये टेओफिमो लोपेझने जिंकून घेतला. मे 2024 मध्ये लीड्सला हे दोघे पुन्हा भिडले आणि कॅटरॉल जिंकला, तेव्हा जिंकण्याजोगा एकही जागतिक किताब मध्ये नव्हता. तरीही पहिलीपेक्षा दुसऱ्या लढतीची उत्सुकता कितीतरी जास्त होती. महत्त्व संपले होते आणि अन्यायाच्या आठवणीने लढत मोठी केली होती.

दोन्ही गोष्टी एकत्र येतात, पण क्वचित. नोव्हेंबर 2013 मध्ये मँचेस्टरला जॉर्ज ग्रोव्ह्सने पहिल्याच फेरीत जगज्जेत्या कार्ल फ्रॉचला लोळवले होते, आणि नवव्या फेरीत रेफरीने घाईने लढत थांबवून फ्रॉचला विजयी ठरवले, असे अनेकांना वाटले. ग्रोव्ह्सने आयबीएफकडे दाद मागितली आणि संघटनेने पुन्हा लढत घेण्याचा आदेश दिला. 31 मे 2014 रोजी वेम्ब्लीवर सुमारे ऐंशी हजार लोकांसमोर फ्रॉचने आठव्या फेरीत एका उजव्या ठोशात हा वाद मिटवला.

प्रमोटर मात्र एकाला दुसऱ्याचे कपडे चढवण्यात वाकबगार असतात. मार्च 1996 मध्ये ब्रुनो आणि माइक टायसन यांच्या लढतीसाठी स्काय वाहिनीने ब्रिटनमध्ये पहिल्यांदा घरबसल्या पाहणाऱ्यांकडून वेगळे पैसे घेतले, आणि पुढे पट्ट्याविनाही तिजोरी भरते हे प्रमोटरांच्या लक्षात आले. 2017 मधली डेव्हिड हेय आणि टोनी बेल्यू यांची लढत निव्वळ वैरावर उभी होती. युबँक-बेन लढतीत वैरही वारशाने आले होते: त्यांचे वडील 1990 मध्ये बर्मिंगहॅमला भिडले, 1993 मध्ये ओल्ड ट्रॅफर्डला बरोबरीत सुटले, आणि तेव्हाच्या प्रमोटरांपैकी बॅरी हर्न यांचा मुलगा एडी हर्न 2025 च्या लढतीत धाकट्या बेनच्या बाजूने होता. याबद्दल माझी तक्रार नाही. पाहणाऱ्याला तो काय विकत घेतो हे ठाऊक असते. तक्रार आहे ती लढत मुरवत ठेवण्याच्या सवयीबद्दल. आमिर खान आणि केल ब्रूक यांची जोड वर्षानुवर्षे गाजत राहिली आणि लागली 2022 मध्ये, जेव्हा दोघांचीही उमेद ओसरली होती.

हेच टायसन फ्युरी आणि अँथनी जोशुआ यांचेही झाले. 2021 मध्ये हेवीवेट गटाचे तीन पट्टे जोशुआकडे आणि चौथा फ्युरीकडे होता. त्यांच्या सौदी अरेबियातल्या लढतीचे जवळजवळ ठरले होते, आणि ती मोठीही असती, महत्त्वाचीही. मे महिन्यात अमेरिकेतल्या लवादाने फ्युरीला आधी डिऑन्टे वाइल्डरशी लढायला लावले, सप्टेंबरात जोशुआ आपले पट्टे युक्रेनच्या उसिककडे गमावून बसला आणि 2024 मध्ये फ्युरीही त्याच उसिककडून दोनदा हरला. हातात एकही पट्टा नसताना या दोघांच्या लढतीच्या वाटाघाटी आणि चर्चा मात्र चालूच राहिल्या.