ट्यूबलाइटखालचं बालपण

कोल्हापुरातल्या कुठल्याही घरातल्या मोबाइलची गॅलरी उघडा, चित्र साधारण सारखंच दिसतं. रंकाळ्याच्या कट्ट्यावर भेळ खाणारी पोरं, जोतिबाच्या डोंगरावर गुलालात माखलेली पोरं, पन्हाळ्यावर तीन दरवाजापाशी ओळीनं उभी केलेली पोरं, मग केक. आमच्याही फोनात हेच आहे. पण ह्याच पोरांचा खरा दिवस जातो स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात, जिन्यात, मोरीत, नाहीतर गृहपाठाच्या वहीवर पेंगत. तिथले फोटो एक तर नसतातच, आणि काढले तरी हललेले, काळपट म्हणून लगेच पुसले जातात.

ह्यात आई-बापांच्या हौसेपेक्षा उजेडाचा हात मोठा आहे. भर दुपारच्या उन्हात साधारण 1 लाख लक्स उजेड असतो. लक्स हे एकक कोल्हापूरकरांना परकं नाही. अंबाबाईच्या किरणोत्सवात मावळतीची किरणं महाद्वारातून गाभाऱ्याकडं सरकतात, तेव्हा अभ्यासक मीटर घेऊन टप्प्याटप्प्याला हेच मोजत असतात आणि दुसऱ्या दिवशी आकडे पेपरात येतात. ट्यूबलाइटच्या खोलीत हा आकडा 100-200 वर येतो, म्हणजे पाचशे ते हजार पटींनी कमी. आपल्याला तो फरक एवढा जाणवत नाही, कारण डोळे आणि मेंदू मिळून सांभाळून घेतात. कॅमेऱ्याला मात्र शटर जास्त वेळ उघडं ठेवून उजेड गोळा करावा लागतो. उन्हात सेकंदाचा हजारावा भाग पुरतो, घरात तिसावा भाग लागतो. मूल घरात सेकंदाला दोनेक मीटर वेगानं पळतं असं धरा. सेकंदाच्या हजाराव्या भागात ते 2 मिलिमीटर सरकेल. तिसाव्या भागात जवळजवळ 7 सेंटिमीटर, म्हणजे निम्मा चेहरा. आताचे फोन एकापाठोपाठ बऱ्याच फ्रेम घेऊन त्या एकमेकींवर जुळवतात आणि बरंच निभावून नेतात. पण पोरगं हात नाचवत असलं की तेही फसतं, बोटांच्या जागी नुसता धुरकट पट्टा उरतो.

(मूकपट बनवणाऱ्या बाबूराव पेंटरांनी 1918 च्या सुमारास ज्या गावात स्वतः कॅमेरा बनवला आणि जिथं खरी कॉर्नरला कॅमेऱ्याचा स्तंभ उभा आहे, त्या गावाला हे सांगायला नकोच. सुरुवातीच्या मूकपटांचं चित्रीकरण उन्हाच्याच भरवशावर चालायचं.)

थोडक्यात, जिथं ऊन आहे आणि पोरं क्षणभर स्थिर आहेत, तेवढंच अल्बममध्ये येतं. एरवी ह्यात काही बिघडलं नसतं. पण मूल मोठं होताना काय लक्षात ठेवणार, ह्यात घरातल्या फोटोंचा आणि त्यांवरच्या गप्पांचा वाटा असतो. त्यामुळं उजेडानं केलेली ही निवड पुढं आठवणींची निवड होऊन बसते.

लहानपणीची आठवण ही मुळात फार नाजूक गोष्ट. बहुतेक मोठ्या माणसांची पहिली आठवण तीन-साडेतीन वर्षांच्या वयाची असते, त्याआधीचं सगळं कोरं. गंमत म्हणजे मुलांना त्या वेळी ते आठवत असतं. पॅट्रिशिया बाऊर आणि मरीना लार्किना ह्यांनी अमेरिकेत तीन वर्षांच्या मुलांच्या त्यांच्या आयांबरोबरच्या गप्पा नोंदवून ठेवल्या आणि पुढं त्याच मुलांना वेगवेगळ्या वयात त्या प्रसंगांबद्दल विचारलं. 2014 मध्ये आलेला त्यांचा निष्कर्ष असा, की पाच ते सात वर्षांच्या मुलांना त्यातले 60 टक्क्यांहून जास्त प्रसंग आठवत होते, तर आठ-नऊ वर्षांच्यांना 35 टक्क्यांच्या आसपास. म्हणजे गळती लागते ती तिसरी-चौथीच्या वर्गात, आपलं लक्ष गुणपत्रिकेवर असताना.

असं का होतं, ह्याचं एक उत्तर मेंदूतल्या हिप्पोकॅम्पस ह्या भागात मिळतं. आठवणी बांधायचं काम तिथं चालतं आणि लहानपणी तिथं नव्या चेतापेशी भराभर तयार होत असतात. टोरांटोतल्या शीना जोसलिन आणि पॉल फ्रँकलंड ह्यांच्या गटानं 2014 मध्ये उंदरांवरच्या प्रयोगांतून दाखवलं, की ही नवी भर जुन्या जोडण्या विस्कटते. पिल्लांमध्ये नव्या पेशींचा वेग औषधानं कमी केला तेव्हा त्यांचं विसरणंही कमी झालं. आखाड्यातली लाल माती रोज उकरली की कालच्या कुस्तीचे ठसे राहत नाहीत, तसंच हे. पण ठसा मुळात उमटतच नव्हता, असंही नाही. 2025 मध्ये येल विद्यापीठातल्या संशोधकांनी जाग्या तान्ह्या मुलांच्या मेंदूचे स्कॅन घेतले. वर्षाच्या आसपासच्या मुलांमध्येसुद्धा चित्र बघताना हिप्पोकॅम्पस नोंद करत असल्याचं त्यांना दिसलं.

मग फोटो दाखवून आठवण वाचवता येईल का? इथं जरा जपून. 2002 मध्ये किम्बर्ली वेड आणि सहकाऱ्यांनी 20 मोठ्या माणसांना त्यांच्या लहानपणीचे फोटो दाखवले. त्यात एक बनावट होता, गरम हवेच्या फुग्यातून केलेल्या सफरीचा. अशी सफर कुणीच केली नव्हती. तरी तीन मुलाखतींनंतर निम्म्या लोकांना ती थोडीफार तरी ‘आठवली’, काहींनी तर तपशील भरून सांगितली. नंतर त्यातल्याच संशोधकांनी फोटोऐवजी नुसतं चार ओळींचं वर्णन वाचायला दिलं, तर खोटी आठवण त्याहून जास्त लोकांत रुजली. चित्रात तपशील आधीच ठरलेले असतात, शब्दांत ते ज्याचे त्यानं भरायचे असतात. आणखी एका प्रयोगात फोटो अगदी खरा होता, शाळेतल्या वर्गाचा. त्याच्या जोडीला न घडलेल्या खोडीची गोष्ट सांगितली. फोटो हातात असलेल्यांमध्ये खोटी आठवण तयार होण्याचं प्रमाण फोटो नसलेल्यांच्या दुपटीहून जास्त निघालं.

ह्याचा घरगुती नमुना आमच्याकडं आहे. गंगावेशच्या दूध कट्ट्यावर म्हशीचं ताजं दूध पिताना लेकीचा एक फोटो आहे, ओठावर फेसाची पांढरी मिशी, ग्लास दोन्ही हातांत. धाकटा तेव्हा जन्मलेलाही नव्हता. पण ‘मीपण प्यालो होतो, लई गरम होतं’ हे तो छातीठोकपणे सांगतो. खोटं बोलत नाही तो. फोटो बघून, ताईचं ऐकून, त्याच्या डोक्यात एक ग्लास तयार झालाय.

आता फोटो काढणाऱ्याकडं वळू. लिंडा हेंकेल ह्यांनी अमेरिकेतल्या एका विद्यापीठाच्या कलासंग्रहालयात विद्यार्थ्यांना फिरवलं. काही वस्तू नुसत्या बघायच्या होत्या, काहींचा फोटो काढायचा होता. 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ह्या अभ्यासात, ज्यांचा अख्खा फोटो काढला त्या वस्तू कमी लक्षात राहिल्या. कॅमेऱ्यानं पाहिलं म्हणजे झालं, असं मेंदू समजत असावा. पण वस्तूचा एखादाच भाग झूम करून टिपला, तर हा तोटा दिसला नाही, आणि चौकटीबाहेर राहिलेला भागसुद्धा तितकाच आठवला. तीन वर्षांनी अलिक्झांड्रा बराश आणि सहकाऱ्यांनी दुसरी बाजू दाखवली. माणसानं स्वतः ठरवून फोटो काढले तर डोळ्यांनी पाहिलेलं जास्त लक्षात राहतं, मात्र त्याच वेळी कानावर पडलेलं कमी.

मला ह्यातली कानाची गोष्ट जास्त लागते. लेक पहिल्यांदा भाकरी थापायला बसली त्या दिवशीचा जवळून घेतलेला फोटो माझ्याकडं आहे: परातीत तळहाताएवढी वेडीवाकडी भाकरी, मधोमध अंगठ्याचा खड्डा, कोपरापर्यंत ज्वारीचं पीठ. सकाळची वेळ, खिडकी पूर्वेची, म्हणून फोटो चांगला आला. ती त्या वेळी आजीला काय सांगत होती, ते मात्र मला विचारू नका.

तरीही फोटो काढणं सोडा, असं मी म्हणणार नाही. कुणी तसं म्हणालं की मला ते जरा शहाजोगच वाटतं. फरक पडतो तो पुढच्या बोलण्यानं. न्यूझीलंडमधल्या ओटागो विद्यापीठात इलेन रीस आणि सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षं हेच तपासलं. झालेल्या गोष्टींबद्दल ज्या आया लहानपणी मुलांशी ऐसपैस बोलत, मोकळे प्रश्न विचारत आणि मुलानं सांगितलेल्या धाग्याला पुढं भर घालत, त्यांच्या मुलांच्या किशोरवयातल्या पहिल्या आठवणी जास्त लहान वयातल्या निघाल्या. त्याच देशातल्या माओरी लोकांच्या पहिल्या आठवणीही सरासरीनं इतरांपेक्षा बऱ्याच आधीच्या वयातल्या असतात. त्यांच्या घरांत मागच्या गोष्टी सांगण्याला मोठा मान आहे, हे त्याचं एक कारण मानतात.

एकाच फोटोवर दोन तऱ्हांनी बोलता येतं. ‘हे कुठं गेलतो आपण? कोण आहे हे? बरोबर, शहाणी गं माझी,’ ही झाली परीक्षा. उत्तर संपलं की बोलणं संपलं. दूध कट्ट्याच्या त्याच फोटोवर मी एकदा विचारलं, ‘तू माझ्यामागं कशाला लपलेलीस गं?’ तर लेक म्हणाली, ‘म्हशीनं माझ्याकडं बघून फुर्र केलं की! मी घाबरलो. पण ग्लास सोडलो न्हाई.’ (आमच्याकडं मुलीही असंच बोलतात.) फोटोत म्हैस नाहीच. कोपऱ्यात जेमतेम शेपटीचा गोंडा आलाय.

सारखं ठरावीक उजळण्याची एक किंमतही असते. 1994 मध्ये मायकल अँडरसन आणि ब्योर्क दांपत्य ह्यांनी दाखवून दिलं, की एका गटातले काही शब्द घोकून घेतले तर ते पक्के होतात, पण त्याच गटातले न घोकलेले शब्द, अजिबात न उजळलेल्या दुसऱ्या गटातल्या शब्दांपेक्षाही मागं पडतात. पन्हाळ्याचे तेच पाच फोटो पाहुण्यांना दाखवताना मला हे सारखं आठवतं. तीन दरवाजा पक्का होत जातो, आणि एसटीत खिडकीसाठी झालेली मारामारी विरत जाते.

म्हणून हल्ली मी दोन गोष्टी करते. घरातलेच फोटो, खिडकीजवळ, पोरांना न थांबवता काढते आणि हललेला फोटो पुसत नाही. हललेल्या फोटोवर पोरं जास्त बोलतात, कारण त्यात ओळखायला काहीतरी शिल्लक असतं. दुसरं म्हणजे फोन ओट्यावर पालथा ठेवून आवाज टिपते. त्याला उजेड लागत नाही.

वास तेवढा कशातच मावत नाही. स्वीडनमध्ये योहान विलांडर आणि मारिया लार्सन ह्यांनी ज्येष्ठ माणसांना शब्द, चित्रं आणि वास देऊन आठवणी विचारल्या. 2006 मध्ये आलेल्या त्या अभ्यासात शब्दांनी आणि चित्रांनी जास्त करून अकरा ते वीस वर्षांच्या वयातल्या आठवणी जाग्या झाल्या, तर वासांनी जास्त करून पहिल्या दहा वर्षांतल्या. त्या हिशेबानं आमच्या पोरांच्या म्हातारपणी उन्हाळ्यातला चटणीचा दिवस सगळ्यात आधी वर यावा. मिरच्या भाजायला घेतल्या की अख्खी गल्ली ठसकते, कांदा-खोबरं तळलं जातं, लसूण सोलून सोलून बोटं चुरचुरतात, आणि सगळं डब्यात भरून कुटायला डंकावर जातं. यंदाचा ह्या दिवसाचा एकही फोटो धड नाही, खोलीत धूर आणि सगळी धावपळीत. आवाजाची फाइल मात्र आहे. तिच्यात बराच वेळ नुसत्या शिंका आहेत, मग सासूबाई ‘दार लावा रे ते’ म्हणून ओरडतात, आणि धाकटा कोण किती शिंकलं ते मोजत बसलाय, तेही चुकीचं.