गुलाबी बोंडअळी बीटीला कशी पुरून उरली

बीटी कपाशीला भारतात २६ मार्च २००२ रोजी परवानगी मिळाली. जालन्याच्या महिकोचे तीन संकरित वाण आणि त्यांत बॅसिलस थुरिन्जिएन्सिस या जिवाणूचे क्राय१एसी जनुक. गुजरातेत विनापरवाना बीटी त्याच्या आदल्याच वर्षी शेतात उभी होती! रोख होता हिरव्या, म्हणजे अमेरिकन बोंडअळीवर; नव्वदच्या दशकात ती पायरेथ्रॉइड फवाऱ्यांना जुमानेनाशी झाली होती. बीटीचे प्रथिन पोटात गेले की अळीच्या आतड्याला छिद्रे पडतात, ती खाणे सोडते आणि मरते. तुडतुडे, पांढरी माशी यांच्यावर त्याचा काही परिणाम नाही. २००६ मध्ये क्राय२एबी जोडून बोलगार्ड-२ आले.

हिरवी अळी आटोक्यात राहिली. गुलाबी मात्र २००९-१० पर्यंत गुजरातेत पहिल्या जनुकाला सरावली, पुढे दुसऱ्यालाही, आणि २०१७ मध्ये विदर्भ-मराठवाड्यात बोंडे फोडली की आत कवडी, म्हणजे किडका, डागाळलेला कापूस, निघू लागली. ही अळी बोंडात शिरली की छिद्र बुजते, मग फवारा पोचत नाही.

दोष बहुतेक वेळा शेतकऱ्यावर टाकला जातो: ४५० ग्रॅमच्या पाकिटासोबतची १२० ग्रॅम बिगरबीटीची पुडी त्याने बांधावर फेकली. ही पुडी आश्रय पिकासाठी असते: त्यावर बीटीला बळी पडणाऱ्या अळ्या जगतात आणि त्यांच्याशी संकर होऊन प्रतिकार पसरायला वेळ लागतो. फेकली हे खरे. अळी पोसायला जमीन कोण देईल? पण मोठी चूक संकरित बियाण्यात होती. संकरित झाडाच्या बोंडातल्या सरक्या सारख्या नसतात. एक जनुक असेल तर सुमारे पाव सरक्या विषाविना. अळी सरकीच खाते, म्हणजे एकाच बोंडात तिला विषारी आणि बिनविषारी दोन्ही दाणे मिळतात आणि तग धरणाऱ्या अळ्या निवडल्या जातात. त्यात फरदड: पाणी देऊन पऱ्हाटी (कपाशीची झाडे) फेब्रुवारी-मार्चपर्यंत ठेवली की पुढच्या पिढ्यांची सोय झालीच. अमेरिकेत सरळ (संकरित नसलेले) वाण, आधी आश्रय पीक आणि पुढे वंध्य पतंग सोडणे असे सगळे केले; वंध्य पतंगांशी समागम झाला की पिल्ले होत नाहीत. तिथे २०१८ मध्ये या अळीचे उच्चाटन जाहीर झाले.

आता बिगरबीटी बियाणे पाकिटातच मिसळून येते. ही अळी या झाडावरून त्या झाडावर फारशी फिरत नाही, त्यामुळे मिश्रण चालते. बाकी भिस्त जुन्याच कामांवर: एकरी दोन कामगंध सापळे (मादीच्या गंधाने नर पतंग ओढणारे), सलग तीन रात्री सापळ्यामागे आठ पतंग आले की फवारणी, डोमकळ्या (अळीमुळे न उमललेली, पाकळ्या मिटलेली फुले) वेचून नष्ट करणे आणि डिसेंबरअखेर पऱ्हाटी उपटणे.