निद्रानाश आणि झोपेविषयीच्या समजुती : उपचारांची पार्श्वभूमी

रात्री दोन वाजता घड्याळाकडे पाहून ‘आत्ता डोळा लागला तरी चारच तास मिळणार, उद्याचा दिवस गेला’ असा हिशेब मांडणे हे निद्रानाशाचे केवळ लक्षण नसते, तर तो टिकवून धरणारे कारणही असू शकते, ही जाणीव उपचारांत बरीच उशिरा आली. विसाव्या शतकाचा मोठा काळ आधी बार्बिट्युरेट्स आणि १९६०नंतर बेन्झोडायझेपिन्स या झोपेच्या गोळ्यांचाच होता.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ रिचर्ड बूटझिन यांनी १९७२ साली अंथरुणाकडे लक्ष वेधले. रात्र रात्र कूस बदलत पडून राहिल्याने अंथरूण आणि जागरण यांची मनात सांगड बसते, म्हणून झोप आल्यावरच आडवे व्हावे आणि ती येत नसेल तर उठून दुसऱ्या खोलीत जावे, असा त्यांचा नियम होता. (‘निजेला धोंडा’ म्हणणाऱ्या आपल्या पूर्वजांना तो नवा वाटला नसता.) १९८७मध्ये आर्थर स्पीलमन यांनी अंथरुणात घालवायचा वेळच प्रत्यक्ष झोपेइतका कमी करण्याची पद्धत मांडली.

हे दोन्ही उपाय वर्तनाचे होते. विचार तपासण्याची रीत आली ती ॲरन बेक यांनी १९६०च्या दशकात नैराश्यासाठी विकसित केलेल्या उपचारपद्धतीतून, आणि ती झोपेला लावण्याचे मुख्य श्रेय कॅनडाचे चार्ल्स मोरिन यांना द्यावे लागेल. त्यांनी १९९३ साली झोपेविषयीच्या तीस विधानांची प्रश्नावली तयार केली. २००७मध्ये ती सोळा विधानांवर आणली गेली. ‘ताजेतवाने वाटण्यासाठी मला आठ तास झोप हवीच’ या विधानाशी आपण किती सहमत आहोत, हे रुग्णाने शून्य ते दहा या मापावर सांगायचे असते. पुढचे काम वकिली उलटतपासणीसारखे चालते : मागच्या वेळी झोप झाली नाही तेव्हा दुसऱ्या दिवशी नेमके काय बिघडले, आणि जे बिघडले ते खरोखर झोपेमुळेच का?

२००२ साली मानसशास्त्रज्ञ ॲलिसन हार्वी यांनी काळजी आणि जागरण यांच्या साखळीची मांडणी केली. काळजीने शरीर सावध होते, सावध मन घड्याळाकडे आणि थकव्याच्या खुणांकडे लक्ष लावून बसते, आणि त्यामुळे झोप झाली असेल त्याहून कमीच झाल्यासारखी वाटते.

२०१६मध्ये अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्स या डॉक्टरांच्या संघटनेने दीर्घकालीन निद्रानाश असलेल्या सर्व प्रौढांसाठी वर्तन आणि विचार यांवरचा हा एकत्रित उपचार प्रथम द्यावा, अशी शिफारस केली. एकत्रित हा शब्द येथे महत्त्वाचा आहे. हार्वी आणि सहकाऱ्यांच्या २०१४च्या १८८ रुग्णांवरील चाचणीत वर्तनाच्या उपायांचा गुण लवकर आला, तर विचारांवरच्या कामाचा गुण सावकाश दिसू लागला.