शेतातला साग तोडायचाय? परवानगी, कागदपत्रे आणि वाहतूक परवाना

बांधावरचा साग आपल्याच मालकीचा असला तरी परवानगीशिवाय त्याला कुऱ्हाड लावता येत नाही. महाराष्ट्र झाडे तोडणे (विनियमन) अधिनियम, 1964 च्या अनुसूचीत साग आहे. खैर, ऐन, बिजा, हळदू हेही त्याच यादीत. नगरपालिका-महापालिका हद्दीत 1975 चा वेगळा कायदा लागतो.

सगळ्यात आधी सातबारा काढून बघा. त्यावर सागाच्या झाडांची नोंद आणि संख्या हवी. बहुतेकांचे काम इथेच अडते, कारण झाडे वीस-पंचवीस वर्षांची होतात आणि कागदावर एकही नसते. ई-पीक पाहणीत बांधावरची झाडे नोंदवायची सोय आहे, तोडीचा विचार नसला तरी ती नोंद आजच करून ठेवा. अडचणीत शेतकऱ्याला हात देणारे झाड हेच, आणि नोंद नसली की तो व्यापाऱ्याच्या म्हणण्यावर चालतो.

अर्ज वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांच्या कार्यालयात. सोबत चालू सातबारा, आठ-अ (खात्याचा उतारा), गटाचा नकाशा, आधार आणि झाडांची यादी. यादीत प्रत्येक झाडाचा छातीच्या उंचीवरचा घेर लिहा. सामाईक खाते असेल तर सगळ्या खातेदारांचे संमतिपत्र लागते. गावाबाहेर राहणाऱ्या भावा-बहिणींच्या सह्या आधीच घ्या. गट वनहद्दीला लागून असेल तर भूमी अभिलेखची मोजणी करून घेतलेली बरी. वर्ग 2 ची, म्हणजे विक्री-हस्तांतरणावर सरकारी बंधने असलेली जमीन असल्यास झाडांवरचा हक्क तहसील कार्यालयातून आधी स्पष्ट करून घ्यावा.

आदिवासी खातेदारांसाठी 1969 चा स्वतंत्र कायदा आहे. त्यांनी झाडे थेट ठेकेदाराला विकायची नाहीत. अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे जातो आणि विक्री वन विभागाच्या मदतीने होते. ठेकेदार घरी येऊन आगाऊ रक्कम ठेवू लागला तर ती अजिबात घेऊ नका.

अर्जानंतर वनरक्षक, वनपाल जागेवर येतात, झाडे मोजतात, खुणा करतात. त्या दिवशी स्वतः हजर राहा. लेखी आदेश हातात आल्यावर त्यातल्या क्रमांकाचीच झाडे तोडा. बदल्यात नवी झाडे लावायची अट असू शकते.

घाई मात्र नको. कोवळा साग कापला की कडेला पांढऱ्या लाकडाचे जाड कडे दिसते. त्याला कीड लागते आणि सुतार ते काढून टाकतो. चौकटीला, दाराला, पलंगाला चालतो तो आतला सोनेरी-तपकिरी गाभा. त्यातल्या नैसर्गिक तेलामुळे वाळवी सहसा लागत नाही, आणि झाड जितके जुने तितका हा गाभा जास्त. 2023 मध्ये अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी चंद्रपूरच्या बल्लारपूरहून साग गेला तो याच गुणामुळे.

तोडलेल्या ओंडक्यांची पुन्हा मोजणी होते, त्यांवर वन विभागाच्या हातोड्याचा शिक्का बसतो, मगच वाहतूक परवाना मिळतो. परवान्यावरचा गाडी क्रमांक, मार्ग आणि मुदत गाडी निघण्यापूर्वी वाचून घ्या. मूळ प्रत चालकाजवळ द्या आणि एक झेरॉक्स घरी ठेवा. आरागिरणीत माल उतरवतानाही परवाना मागतात.