कोपोलियाची चढण

सेशेल्समधल्या माहे बेटावरचा कोपोलिया हा डोंगर म्हणून काही मोठा नाही. उंची 497 मीटर, चढण साधारण तासाभराची, शेवटच्या टप्प्यात एक शिडी. वर उघडा कातळ लागतो. समोर खाली राजधानी व्हिक्टोरिया आणि तिच्यापुढे सेंट ॲनची बेटं दिसतात. फोटो सगळे इथलेच काढतात. मला मात्र या वाटेवरचा वयाचा हिशेब जास्त मोहात पाडतो. खालचं रान गेल्या दोन-अडीचशे वर्षांत उभं राहिलेलं, तर माथ्यावरचा दगड सुमारे 75 कोटी वर्षांचा.

रानापासूनच सुरुवात करू. सावली दाट, झाडं उंच, कोवळी पालवी लालसर. खाली पडलेलं एखादं पान उचललं तर देठापासून निघून टोकाकडे धावणाऱ्या तीन ठळक शिरा दिसतात. ते चुरडलं की लवंगेसारखा वास येतो. झाड मात्र दालचिनीचं! पानात युजेनॉल हे लवंगेतलंच द्रव्य भरपूर असतं. दालचिनीचा ओळखीचा वास असतो तो सालीत. ही झाडं मूळची इथली नव्हेत. मसाल्यांवरची डच मक्तेदारी मोडायची म्हणून फ्रेंचांनी 1772 मध्ये माहेवर मसाल्याची बाग लावली. पुढे 1780 मध्ये इंग्रजांचं जहाज आलं असं समजून ती बाग आपणच जाळून टाकली आणि जहाज निघालं फ्रेंचांचंच, अशी हकीगत सांगतात. तोवर पाखरांनी दालचिनीच्या बिया डोंगरभर नेल्या होत्या. एकोणिसाव्या शतकात मूळची झाडं लाकडासाठी तुटली आणि मोकळी झालेली जागा दालचिनीने धरली.

मग ती उपटून का टाकत नाहीत? इथली माती निकस, त्यात फॉस्फरस फारच कमी. दालचिनीची मुळं वरच्या थरातच दाट जाळं विणतात आणि दुसऱ्या रोपांना जोर धरू देत नाहीत. यात देशी रोपं मार खातात, पण इतर उपऱ्या झाडांनाही त्यामुळे आळा बसतो. शिवाय इथली निळी कबुतरं आणि बुलबुल तिच्या फळांवर जगतात. सगळं एकदम तोडलं तर मोकळ्या जागेत काय माजेल याचा नेम नाही.

याच पालापाचोळ्यात एक बेडूक राहतो, गार्डिनर्स फ्रॉग. लांबी जेमतेम 11 मिलिमीटर, करंगळीच्या नखावर बसेल एवढा. त्याची मादी अंडी जमिनीवरच घालते आणि त्यातून थेट चिमुकले बेडूकच बाहेर पडतात. मधे शेपटीवाल्या पिल्लाची अवस्थाच नाही. या बेडकाला मध्यकर्ण नाही, कानाचा पडदाही नाही. तरी नर ओरडतात. मग ऐकतं कोण? संशोधकांनी रानात ध्वनिमुद्रित आवाज वाजवले, तर नरांनी उत्तर दिलं. क्ष-किरणांनी डोक्याची बारीक रचना तपासली, तेव्हा कळलं की त्याच्या तोंडाची पोकळी या आवाजाला घुमते आणि ती कंपनं पातळ ऊतींमधून अंतर्कर्णापर्यंत पोचतात. हे काम 2013 मध्ये प्रसिद्ध झालं.

त्याचं गोत्र तर आणखी चकित करणारं. 2003 मध्ये केरळच्या इडुक्की जिल्ह्यातल्या एका जांभळट, डुकरासारख्या नाकाच्या बेडकाची नवी जाती म्हणून नोंद झाली. जनुकं तपासल्यावर त्याचे सर्वांत जवळचे नातलग सापडले ते सेशेल्समध्ये. बेडकाला खारं पाणी मानवत नाही, मधे तर अख्खा समुद्र. तेव्हा पोहत कोणी गेलं नसणार; जमीनच दुभंगली असणार.

आणि तसंच घडलं होतं. मॉरिशस, रियुनियन, हवाई ही भर समुद्रातली बेटं ज्वालामुखींनी घडवलेली आहेत. माहे मात्र ग्रॅनाइटचं, म्हणजे खंडाच्या पोटात सावकाश थंड झालेल्या खडकाचं. गोंडवन हा प्राचीन महाखंड फुटत गेला, मादागास्कर आधी सुटलं, पण भारत आणि सेशेल्स बराच काळ एकत्र राहिले. साधारण 6.6 कोटी वर्षांपूर्वी दख्खनच्या पठारावर लाव्हा ओतला जात होता. त्यानंतर तीसेक लाख वर्षांत ही जोडीही तुटली. भारत उत्तरेला सरकला आणि हा तुकडा मागे राहिला.

शिडी चढून कातळावर आलं की झाडी संपते. माती नावालाच, नायट्रोजन त्याहून कमी. इथे फक्त माहे आणि सिल्हुएट या बेटांवर आढळणारी घटपर्णी पसरलेली दिसते. तिच्या घटाची कड गुळगुळीत असते. मुंगी घसरली की आतल्या पाचक रसात पडते आणि झाडाला हवा तो नायट्रोजन मिळतो. ओला कातळ माणसालाही असाच दगा देतो, तेव्हा पाऊस झाला असेल तर काठाकडे जाऊ नये. खाचांमध्ये साचलेल्या मातीवरही पाय देऊ नये. ती जमायला फार काळ लागलेला असतो.

खालचं रान साफ करणं अवघड, पण असे उघडे माथे लहान आणि वेगळे असल्याने तिथे प्रयोग करता येतो. माहेवरच्या आठ कातळमाथ्यांपैकी चारांवरची परकी झुडपं काढून टाकली आणि चार तसेच ठेवले. 2017 मध्ये निष्कर्ष आले: साफ केलेल्या माथ्यांवर परागीभवन करणाऱ्या किड्या-प्राण्यांच्या जाती वाढल्या, फुलांना त्यांच्या भेटी वाढल्या आणि तिथल्या मुख्य देशी झाडांना फळंही जास्त धरली.