कारवी एकेकटी का फुलत नाही?

कारवी म्हणजे सह्याद्रीतलं, आठ वर्षांनी एकदाच फुलणारं झुडूप. ती फुलली की मोबाइलवर 'दैवी फूल, दर्शनाने भाग्य उजळतं' असले संदेश हमखास फिरतात आणि बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात झुंबड उडते. बहर सरला की सगळे विसरतात. आता कान्हेरीच्या बाजूने किंवा ठाण्याकडून येऊरच्या जंगलात शिरलात, तर उतारच्या उतार जवळपास एकाच उंचीच्या झुडपांनी भरलेले दिसतील. फूल नाही. मला विचाराल तर खरी गंमत इथेच आहे, कारण ही सगळी झुडपं एकाच वयाची आहेत.

इथले अलीकडचे बहर 2008, 2016 आणि 2024 चे. मधली वर्षं नुसती पानं, मग ऑगस्ट-सप्टेंबरात सगळा डोंगर जांभळा आणि त्यानंतर मरण. वाळक्या बोंडांत बी उन्हाळाभर थांबतं. पुढच्या पावसात बोंडं भिजली की तडतडून फुटतात आणि बी दूर उडतं. वाळलेल्या काठ्या कुडाच्या भिंतींना लागतात.

पण सगळ्यांनी एकाच वर्षी का फुलायचं? समजा, एका दरीतले किडे-उंदीर वर्षाला दहा हजार बिया फस्त करतात. झुडपांनी दरवर्षी पाच हजार बिया धरल्या, तर एकही उरणार नाही, शिवाय खाणारे पोसले जातील. त्याऐवजी सात वर्षं उपास घडवला आणि आठव्या वर्षी लाखभर बिया एकदम ओतल्या, तर? खाणारे आधीच रोडावलेले. ते खाऊन खाऊन किती खाणार?

आता एखादं झुडूप वर्षभर आधी फुललं, तर सगळे भुकेले त्या एकट्यावर तुटून पडतील. उशिरा फुललं तरी तेच. म्हणजे चुकारांचा वंश खुंटतो आणि वेळ पाळणाऱ्यांचा टिकतो. यातून एक मजेशीर गणित निघतं. आठाच्या कळपात नऊ वर्षांचं चक्र घेऊन जन्मलेलं झुडूप पहिल्याच फेरीत एकटं पडतं. सोळाचं मात्र निभावतं, कारण ते फुलेल तेव्हा आठवालेही फुललेले असतात. बांबूंच्या काही जातींची लांबलचक चक्रं अशीच पटीपटीने वाढली असावीत, असं काही संशोधक मानतात.

बांबू फुलला की दुष्काळ येतो, ही समजूतही याच हिशेबाची दुसरी बाजू. मिझोरमच्या टेकड्यांवर सुमारे 48 वर्षांनी बांबू फुलतो. 1959 च्या सुमारास तो फुलला, बियांवर उंदीर बेसुमार वाढले आणि बिया संपताच भाताच्या शेतांत घुसले. दुष्काळ पडला तो उंदरांच्या विणीमुळे, कोणाच्या कोपामुळे नव्हे.

बोरिवलीचा पुढचा बहर 2032 चा. सह्याद्रीत इतरत्र कारवीच्या पिढ्या वेगळ्या वर्षीही जन्मलेल्या असतात, त्यामुळे मधल्या काळात एखाद्या डोंगरावर ती फुललेली भेटू शकते. उद्यानातच एखादं चुकार झुडूप फुललेलं दिसलं, तर फोटो काढून झाल्यावर हात न लावता जरा वाकून बघा, त्याची किती बोंडं पोखरलेली आहेत ते.